धाकट्या जावेचे बहात्तर इंच

मले शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पुढचे आकडे मी शिवणाच्या टेपवरून शिकली. एका बाजूले इंच, दुसऱ्या बाजूले सेंटीमीटर. शंभरावर बोट ठेवून टेप उलटवली, की मागं बोट एकोणचाळीसच्या जरा पुढं येते. तेच मीटर.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, भोपाळची दफ्तरं इकडं आली, तशी माझी धाकटी जाऊही आली. दीर साहेब झालेला, ही बी.ए. चौबे कॉलोनीत आमच्या घरी माझ्या पोट्टीले पाहायले पाहुणे आले, तेव्हा ही हसत हसत त्यांना म्हणाली, "आमच्या भाभी दोरीले गाठी मारून माप घेतात." पोट्टीनं मान खाली घातली. पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला नाही. मी ते विसरली नाही, विसरायचं मनातही आणलं नाही.

पुढच्या संक्रांतीले तिनं साहेबांच्या बायकांना हळदीकुंकवाले बोलावलं. बाल्कनीच्या काचेच्या दाराले पडदे पाहिजे होते. पंडरीच्या कापडबाजारातून भारी कापड आणून माझ्याकडं टाकलं. दिरानं दांडीपासून जमिनीपर्यंत मोजून चिठ्ठीवर दोन मीटर लिहिलं होतं. तिनं त्याखाली बहात्तर इंच लिहिलं. खोटं काहून बोलू, टेप घेऊन येऊ का म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणे, "मीटर म्हणजे तीन फूट, भाभी. हिशोब माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त शिवा."

बरं बाई, शिवलं. दोन मीटरचे पावणेएकोणऐंशी इंच होतात, हे कैची हातात घेतानाच मले माहीत होतं. दुसऱ्या कोणाचे पडदे असते तर खाली वीतभर कापड आत दुमडून ठेवलं असतं, कमी पडलं तर उसवता येते. हिच्या पडद्याले बोटभर ठेवलं. उरलं त्याच्या तिलेच उशांच्या खोळी शिवून दिल्या. तेव्हा काय खुश झाली.

ऐन दिवशी दुपारी पडदे टांगले. खालून पावणेसात इंच उघडं, आणि त्यातून बाल्कनीतला पोछा न् बादली दिसून राहिली. एक साहेबीण म्हणाली, "धुण्यात आटले वाटते."

जाऊ माझ्या कानाशी आली. "भाभी, खालून उसवून देता का पटकन?"

"उसवायले तिथं काही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तू बहात्तर लिहिले, मी बहात्तर शिवले. मोज."

बायका पाहत होत्या, तिले मोजणं भागच होतं. जरीच्या साडीत गुडघे टेकून तिनं टेप लावली. बहात्तरच भरले. मी तोवर तिळगुळाचा दुसरा लाडू घेतला.

घरी येऊन पोट्टीले सांगितलं. ती आधी म्हणाली, एवढं करायचं नव्हतं, आई. मग गुडघे टेकलेलं तेवढं तिनं मले पुन्हा सांगायले लावलं.