पाच नंबरच्या खाटेमागचा प्लग

सूर्यकांत जगदाळे कराडकडचे. सैन्याच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न जाता गाझियाबादला वसुंधरा नावाच्या वस्तीत आमच्या मजल्यावर राहायला आले. मुलगी उत्तरा दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी सुधारावं म्हणून संध्याकाळी माझ्याकडे यायची. तिला घ्यायला आले की दारातच उभे राहायचे. "बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "नको बाई, बूट आहेत."

तो काळ असा होता की आज शेत दिसायचं तिथे सहा महिन्यांनी काचेची इमारत उभी असायची आणि प्रत्येक इमारतीला कॉम्प्युटरच्या तारा हव्या असायच्या. सूर्यकांतांना काम भरपूर मिळालं. शशिकांत प्रधान नावाचे ठेकेदार होते, सरकारी नोकरीतल्या मराठी घरातले. ते काम आणायचे, हे करायचे.

माझा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायला एकदा आम्ही दोघं नेहरू प्लेसला गेलो होतो. तिथे त्यांनी प्लग घेतले. तारेच्या टोकाला बसवतात ते पारदर्शक, नखाएवढे. एकेक उचलून उन्हाकडे धरून बघत होते. दुकानदार वैतागला.

"फौजी साहब, प्लग ले रहे हो या लड़की देख रहे हो?"

"लड़की होती तो तू दिखाता ही नहीं," सूर्यकांत म्हणाले. "ये बारीक तारों वाली केबल का प्लग है. मेरी केबल में सीधी ठोस तार है. उसका दे."

परतताना त्यांनी मला समजावलं. प्लगमध्ये सोनेरी पिना असतात. दाबल्या की त्या तारेच्या आवरणात घुसून तांब्याला टेकतात. पीन चुकीची असली किंवा अर्धवट दाबली गेली, तर ती तांब्याला नुसती शिवून राहते. आज चालते आणि कधीतरी सुटते. म्हणून त्यांचा क्रिम्पर, म्हणजे प्लग दाबायचा चिमटा, भारी होता. पूर्ण दाबल्याशिवाय त्याचा जबडा उघडतच नसे. "विसरायची सोयच नाही बाई," ते म्हणाले, "कट् आवाज आला की सोडतो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असायची. पलटणीत रायफली मांडत, इथे पाटावर क्रिम्पर, टेस्टर, पकड आणि उत्तराची कंपासपेटी. सुनयनाने, त्यांच्या बायकोने, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मी प्रसादाला बसले होते तेवढ्यात शशिकांतांचा फोन आला.

इंदिरापुरमकडे एक नवं नर्सिंग होम तयार झालं होतं. दसऱ्याला उद्घाटन. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेशी मॉनिटर आणि सगळ्यांच्या हृदयाच्या रेघा नर्सच्या टेबलावरच्या एका स्क्रीनवर. ज्या माणसाने तारा ओढल्या होत्या तो टोकं न बसवताच निघून गेला होता.

"आज?" सूर्यकांत म्हणाले. "साहेब, आज हत्यार पूजेत आहे."

फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "अरे यार, साइटवर एक चिमटा पडलाय निळ्या मुठीचा. प्लगपण आहेत. तू नुसता ये."

सुनयना म्हणाली, "पूजेतलं काही उचलायचं नाही हां. उद्या सोनं देऊन झालं की घ्या." तिने सांगायची गरज नव्हती. पूजेतली वस्तू उचलणं त्यांच्याही हातून झालं नसतं. ते रिकाम्या हाताने गेले.

तिथे काय झालं ते सुनयनाने मला नंतर सांगितलं. निळा चिमटा हलका होता, दाबताना मध्ये वाकत होता आणि अर्ध्यावरही उघडत होता. साइटवरच्याच टेस्टरवर सगळे दिवे हिरवे लागले. "पण हाताला ते कट् लागलं नाही," ते तिला म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

दिवाळीनंतर तिथल्या सिस्टर लिसीने त्यांना सहज सांगितलं, "भैया, दो नंबर की लाइन कल गायब हो गई थी. फिर अपने आप आ गई."

दोन नंबरची खाट तेव्हा रिकामी होती. सूर्यकांतांनी ती पुढे ओढली, मागचा प्लग कापला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. कडेच्या पिना खोल बसल्या होत्या, मधल्या थोड्या वर राहिल्या होत्या. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर काहीच दिसलं नसतं. त्यांना मात्र सगळ्या खाटा दिसल्या.

त्यांनी शशिकांतांना गाठलं.

"सगळे बदलावे लागतील साहेब. डॉक्टरांना सांगून टाकतो."

"वेडा आहेस का?" शशिकांत म्हणाले. "आयसीयूत जाऊन 'खराब' हा शब्द काढणार तू? मेंटेनन्स म्हण. खाट रिकामी झाली की बदल. एकेक करत होऊन जाईल, बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस."

सूर्यकांतांनी मेंटेनन्स म्हटलं. डॉक्टर हो म्हणाले. पेशंट घरी गेला किंवा वॉर्डात हलवला की सिस्टर फोन करायची, हे आपला क्रिम्पर घेऊन जायचे. कट् आवाज ऐकून यायचे. त्या दिवशी उत्तराशी थट्टामस्करी व्हायची, मग पुन्हा गप्प. फोन वाजला की घरातली सगळी त्यांच्या तोंडाकडे बघत.

असं करत सगळे प्लग बदलून झाले. राहिला पाच नंबर.

पाच नंबरची खाट काचेच्या स्वतंत्र खोलीत होती. दार लावलं की तिथल्या मॉनिटरचा आवाज बाहेर टेबलापर्यंत येत नसे. कळायचं ते स्क्रीनवरून, म्हणजे त्या तारेवरून. खाटेवर एक म्हातारे होते, श्वासाच्या मशीनवर. त्यांचं गाव आता शहराचं सेक्टर झालं होतं. प्लग खाटेच्या डोक्यामागे, आणि खाट हलवायला डॉक्टर तयार नव्हते. "मेंटेनन्स ही तो है, बाद में कर लेना," ते म्हणाले. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्यांना दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

म्हाताऱ्यांचा मुलगा राजवीर बाहेर बाकावर बसलेला असे. उंचापुरा, हातात मफलर घेऊन. सूर्यकांत काम नसतानाही तिथे जायला लागले. दोघं चहा प्यायचे. बाकावरून दाराच्या काचेतून टेबलावरचा स्क्रीन दिसायचा.

"अंकल, ये नीचे वाली लाइन बाबूजी की है," राजवीर एकदा म्हणाला. "अंदर तो जाने नहीं देते. इसी को देखता रहता हूँ. आपने बड़ा अच्छा काम किया."

त्या दिवशी घरी आल्यावर सूर्यकांत जेवले नाहीत. सुनयना मला हाक मारून घेऊन गेली. ते खुर्चीत बसले होते, मी आल्यावर उठून उभे राहिले.

"बसा हो," सुनयना म्हणाली. "बाईंसमोर सांगते. सरळ डॉक्टरांना सांगा ना, प्लग कच्चा आहे म्हणून. एक माणूस दाराशी बसवतील. तेवढंच तर हवंय."

"आणि विचारलं, की इतके दिवस का नाही सांगितलं?"

"मग विचारू दे! बॉर्डरवर गेला होता ना तुम्ही? डॉक्टरला काय घाबरता?"

"बॉर्डरवर चूक माझी नव्हती," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सूर्यकांत, उद्या सकाळी जा. मी येते बरोबर."

"नको बाई. जातो मी. उद्या सांगतोच."

सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. जिन्यात असताना फोन वाजला. मी दारातच होते. सिस्टर लिसी होती. "भैया, पाँच नंबर खाली हो गया. आ जाओ."

ते कठड्याला धरून उभे राहिले. खाट कशी रिकामी झाली हे त्यांनी विचारलं नाही. मग क्रिम्पर आणायला वर न येता तसेच खाली उतरले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं, काही गाळलं नाही.

म्हातारे पहाटे गेले होते. टेबलावर आवाज झाला नव्हता. प्लगची पीन सुटून त्यांची रेघ स्क्रीनवरून आधीच गेली होती, राजवीरचा बाकावर डोळा लागला होता आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी होती. ती फेरीवर काचेच्या खोलीत गेली तेव्हा आतला मॉनिटर वाजत होता. कधीपासून, हे तिला सांगता येईना. वेळेवर कळलं असतं तर ते वाचले असते का, याबद्दल डॉक्टरांनाही खात्रीने काही म्हणता येईना. वय होतं, छाती भरली होती.

खाट ओढलेलीच होती, गादी काढलेली. सूर्यकांतांनी सिस्टरकडून कात्री घेतली, प्लग कापला आणि मुठीत घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. उभ्याने सगळं सांगितलं. निळा चिमटा, मधल्या पिना, मेंटेनन्स हा शब्द. डॉक्टरांनी प्लग हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "बाहर बेटा बैठा है उनका. मैं बात करूँगा."

"नहीं साहब," सूर्यकांत म्हणाले, "वो मैं करूँगा."

राजवीर बाकावर होता. कागद व्हायची वाट बघत होता. सूर्यकांतांना पाहून तो सरकला, मफलर उचलून जागा केली.

"आइए अंकल. बाबूजी चले गए."

सूर्यकांत बसले नाहीत.

"राजवीर, उस पलंग के पीछे का तार मैंने लगाया था."

"हाँ अंकल, मालूम है," तो म्हणाला आणि त्यांचा हात धरून त्यांना जवळ बसवू लागला. "बैठिए तो सही."

सूर्यकांतांनी त्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.