अकरावा दाणा

रामटेके सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होतो. सोडियमच्या आयनावर कोणतं चिन्ह येतं, या प्रश्नाला निम्म्या वर्गानं उणे लिहिलं होतं. दरवर्षी लिहितात. सोडियमनं इलेक्ट्रॉन दिला, म्हणजे त्याच्याजवळचं काहीतरी कमी झालं, म्हणून उणे, असा त्यांचा सरळ विचार असतो. फोनवर वहिनी होत्या, सरांच्या पत्नी. "सर गेले जी, सकाळी. मी चहा ठेवून राह्यली होती..." एवढंच बोलल्या. मी लाल पेन खाली ठेवला. पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता सांगायचं कोणाला, असा होता.

सिंदी रेल्वेच्या आमच्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा सर पन्नाशीला आले होते. नववी-दहावीचं विज्ञान त्यांच्याकडं होतं. आयन शिकवायला त्यांनी स्टीलची दोन ताटं तयार केली होती. सोडियमच्या ताटात मधोमध तुरीचे अकरा दाणे डिंकानं चिकटवलेले, ते प्रोटॉन. भोवती रंगानं काढलेली तीन वर्तुळं, आणि त्यांवर सुटी सरकी, ते इलेक्ट्रॉन. दोन, आठ, एक. क्लोरीनच्या ताटात सतरा तुरी आणि सतरा सरक्या. सरकी आमच्याच घरची असायची, कारण माझे काका कापसाच्या व्यापारात होते. न्यूट्रॉनला मात्र त्यांनी ताटात जागा दिली नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "त्याले ना घेनं ना देनं. बसू दे त्याले उपाशी." मग एखाद्या मुलाला पुढं बोलावून सोडियमच्या बाहेरच्या वर्तुळावरची एकटी सरकी क्लोरीनच्या ताटात ठेवायला लावत. "आता मोज. तूर किती?" अकरा. "सरकी?" दहा. "मंग कोनाची बाजू भारी?" तुरीची. "म्हनून अधिक. अन् तिकडं सरकी एकानं जास्त, म्हनून उणे." ज्यानं हे एकदा हातानं केलं, त्याचं चिन्ह पुन्हा चुकत नसे. तूर चिकटलेली का, असं मी एकदा विचारलं होतं. "इलेक्ट्रॉन येते-जाते, मास्तर. प्रोटॉन हलवाचा नसते. तो हलला तर सोडियम सोडियमच राह्यत नाई."

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याच्या निरोपाला शिक्षक-खोलीत तर्री-पोहे केले होते. तर्रीचं, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं सांभाळायचं काम माझ्याकडं होतं आणि झाकण कोणाला सापडत नव्हतं. मी प्रयोगशाळेच्या कपाटातून हाताला लागलं ते ताट आणलं आणि पातेल्यावर पालथं घातलं. ते सोडियमचं होतं. अर्ध्या तासानं उचललं तेव्हा वाफेनं डिंक सैल झाला होता आणि दाणे घसरत होते. मी ते अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवले. दहाच भरले. अकरावा तर्रीत गेला असणार. उद्या सरांना सांगू, असं ठरवून मी ताट पुसून कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले आणि सरळ सरांच्या नववीच्या तासाला बसले. मलाही शिकण्यासाठी म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. सरांनी ताटं मांडली. त्या ताटावरून माझी नजर हटत नव्हती. एका मुलीनं सरकी उचलून पलीकडं ठेवली, मग मोजलं. सरकी दहा. तूर... तिनं दोनदा मोजली. "सर, तूर पन दहाच हाये. प्रभार शून्य." साहेब हसले. "सर, तुमच्या सोडियमचा आयन झालाच नाही की." वर्गही हसला. सरांनी वाकून स्वतः मोजलं. मग त्या मुलीला म्हणाले, "तू बराबर मोजलं, बेटा. ताट चुकलं." तेव्हा उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. महिनाभरात माझ्या कायम होण्याचा प्रस्ताव जायचा होता. मी बसून राहिलो.

साहेबांनी शेरा लिहिला, की शिक्षकाची तयारी अपुरी. शाळेत काही जणांना सरांविषयी असं बोलायला निमित्तच हवं होतं. "राखीव जागेवरून आले की असंच," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि तिथंही गप्प राहिलो. जूनपासून नववी-दहावीचं विज्ञान माझ्याकडं आलं. सर निवृत्तीपर्यंत पाचवी-सहावीला शिकवत राहिले. माझ्याशी वागण्यात फरक पडला नाही. उलट दिवाळीनंतर हटकून विचारायचे, "मास्तर, औंदा सरकी आनली का?" मी आणून द्यायचो. ते ती डब्यात भरून ठेवायचे. वापरताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. निवृत्त होताना सरांनी घरी आणलेलं सोडियमचं ताट आणि सरकीचा डबा वहिनींनी माझ्यापुढं ठेवला. "तुमच्याचसाठी हाये म्हनत होते." ताटात दहा दाणे होते. अकराव्या जागी डिंकाचा पिवळट डाग तसाच. मी सगळं सांगून टाकलं, झाकणापासून शेऱ्यापर्यंत. वहिनी ऐकत होत्या. "त्याइले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "पातेल्यावर ताट त्याइनं पाह्यलं होतं. अन् तर्री खाता-खाता एक कच्चा दाना दाताखाली आला. हरभऱ्यात तूर कुठून आली म्हनून घरी येऊन हसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मोजल्यावर ध्यानात आलं, तवा हसले नाई."

"मग बोलले का नाहीत?"

"मी बी तेच म्हटलं, काऊन नाई बोलले. तर म्हने, त्याची नोकरी अजून कच्ची हाये." त्या पुढं म्हणाल्या, "पन पक्की झाल्यावर तुम्ही येसान, असं वाटत होतं त्याइले. दर दिवाळीले."

मला दर दिवाळीची सरकी आठवली. ती मागायला ते मुद्दाम माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, आणि पिशवी घेतल्यावरही लगेच जात नसत.

गेल्या सोमवारी मी ते ताट नववीच्या वर्गात नेलं. सरकी मांडली, एका मुलाला मोजायला लावलं. तो थबकला. "सर, एक तूर कमी हाये." मी म्हणालो, "हो. ती मी पाडली," आणि कशी, ते सांगितलं. तर्रीपर्यंत वर्ग हसत होता. मग पहिल्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "तुम्ही तवा काऊन नाई सांगितलं, सर?"

मी अजून कायम व्हायचा होतो, असं तिला सांगितलं. ऐकताना ते फार लहान वाटलं. ताट आता माझ्या टेबलावर असतं. त्या जागी मी नवा दाणा चिकटवलेला नाही.