गोठ्यावरचा निंब आणि नवी चेनसॉ

किस्से जमवावे लागत नाहीत. चेनसॉ हातात धरलेली म्हातारी दिसली, की लोक ते घरपोच आणून देतात! सावनेरकडच्या आमच्या वावरातली झाडं मीच कापते. इंजिन खोलायलाही माझी मीच शिकले. यंदा बांधावरचा वाळका निंब शेजारच्या भाऊरावांच्या गोठ्यावर झुकला. आणि नेमकी तेव्हाच माझी मशीन मेली.

*

मेली कशी? आमचे जावईबापू बुटीबोरीला मॅनेजर. सुट्टीत आले, मदत म्हणून मशीनची टाकी भरली. नुसत्या पेट्रोलनं! टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं.

"आई, ऑइलनं धूर होतो. पर्यावरणाचा विचार केला."

पर्यावरण वाचलं. पिस्टन गेला.

*

वाडीचा मिस्त्री म्हणाला, "आजी, प्लग बदलला की चालते पाहा."

"सायलेन्सर काढ आन् आत पाह्य."

पिस्टनवर मांजरानं ओरबाडल्यासारखे चरे!

"आजी, हे कुठं शिकल्या तुमी?"

"तुह्यासारख्यायनं बिघडवलेल्या मशीनवर!"

*

नवी घ्यायला भाऊराव सोबत आले. गोठा त्यांचा ना! दुकानदार माझ्याकडे बघेचना. "साहेब, कोणती दाखवू?"

"लाल," भाऊराव म्हणाले.

लाल म्हणजे गवत कापायची फोर-स्ट्रोक; तिलाच पुढे चेन जोडून देणार होता. "ऑइल मिसळायची झंझटच नाही!"

"म्हणजे ऑइल तिच्या पोटात. झाड कापताना मशीन आडवी होते. आडवी करून चालव बरं."

त्यानं केली. पोटातलं ऑइल सिलिंडरमध्ये शिरलं; दुकानभर पांढरा धूर, इंजिन गप्प. धुरातून भाऊरावांचा आवाज आला, "रंग चांगला होता पण!"

*

पुण्याहून मुलाचा फोन. "आई, बॅटरीवाली घे. आवाज नाही, धूर नाही."

"आन् झाड अर्धं कापल्यावर बॅटरी उतरली तं?"

"चार्ज करायची."

"तवरोक निंबाले सांगू का, थांब बाप्पा, लाइन गेली हाये?"

*

टू-स्ट्रोकच घेतली. गोठ्यातल्या म्हशी बाहेर काढल्या. निंबाच्या शेंड्याला दोर बांधून ट्रॅक्टरनं वावराकडे ताण दिला. मशीनपुढे नारळ फुटला. भाऊराव सरसावले.

"वहिनी, मशीन चालू करायची पहिली दोरी माणसानं ओढावी. बाईमाणसाचा नेम चुकला तं गोठा गेला माहा!"

ओढली. पुन्हा ओढली. ओढून ओढून खांदा धरून खाली बसले. मग मी मशीनचा स्विच चालू केला आणि दोरी ओढली.

वावराच्या बाजूनं खाच मारली, मागून कापत आणलं. निंब कडाडला आणि मी बोट दाखवलं होतं तिथंच आडवा झाला. गोठ्याचं एक कौलही हललं नाही.

आवाज ऐकून रस्त्यानं जाणारा एकजण थांबला. "कोणं पाडला गा एवढा मोठा निंब?"

भाऊराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आमीच!"

म्हशी परत गोठ्यात बांधता बांधता त्यांची बायको शांता आतूनच ओरडली,

"हो, यायनं म्हशी धरल्या होत्या!"