एकवीस मोदकांची वाटणी

गणपतीच्या नैवेद्याचे मोदक आई ताटात त्रिकोणात मांडते. वर एक, खाली दोन, मग तीन, असं करत शेवटच्या रांगेत सहा. एकवीस बरोबर बसतात. मी गणिताचा मास्तर, मला या आकड्याचं फार कौतुक. एक आणि तो स्वतः सोडला, तर तीन आणि सात एवढ्यांनीच त्याला भाग जातो. आम्ही घरात सातजण. प्रत्येकाला तीन, कुरकुर नाही.

यंदा धाकटा भाऊ नाही. आषाढात गेला. सहा पानांवर तीन-तीन मोदक वाढून झाले आणि ताटात तीन उरले. कुणी तिकडे बघेना.

"पुढच्या वर्षी अठराच करू या," त्याची बायको म्हणाली.

"देवाला एकवीसच लागतात," म्हणत आईने सुरी घेतली. तिन्ही मोदक मधोमध कापले आणि प्रत्येकाच्या पानात अर्धा-अर्धा ठेवला. सारण पानभर सांडलं.

वर्गात मी हेच तर शिकवतो. त्याच्या वाटणीचे तीन मोदक आम्ही सहाजणांनी खाल्ले, आणि बाकी शून्य आली.