कॅन्टीनमधली साक्ष

नगरच्या कामगार न्यायालयात आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला, तेव्हा माझी साक्षीदार आलेली नव्हती. सकाळपासून तिचा मोबाईल बंद लागत होता. मी उठून दुपारनंतरची वेळ मागितली. न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

‘‘मागच्या तारखेलाही हेच झालं होतं. दुपारी आली नाही, तर तुमचा पुरावा बंद करीन.’’

बाहेर व्हरांड्यात माझ्या पक्षकार मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. राहुरीकडच्या एका खाजगी डेअरीच्या कॅन्टीनमध्ये त्या भाकरी करायच्या. वर्षानुवर्षं केल्या. मग नवा मॅनेजर आला, कामगारांत काहीतरी कुजबुज झाली आणि एके दिवशी त्यानं मावशींना सांगितलं, ‘‘उद्यापासून कॅन्टीनमध्ये नको. बाहेर झाडलोट करा.’’ त्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला, ‘‘तुमच्या हातचं खायला लोक तयार नाहीत.’’ मावशींनी झाडू हातात घेतला नाही. पुढच्या आठवड्यात गेटवरच्या वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. डेअरीनं कोर्टात लिहून दिलं की बाई स्वतःहून काम सोडून गेल्या.

मावशी आधी पोलिसांकडे गेल्या होत्या. तिथं सांगितलं गेलं, तुम्ही कागदावर ख्रिश्चन, तुम्हाला ॲट्रॉसिटीचा कायदा लागत नाही. त्यांच्या पणजोबांनी धर्म बदलला होता. कायद्याच्या हिशेबी जात तेव्हाच संपली होती. गावाला मात्र पणजोबांच्या आधीचंही सगळं पाठ होतं. म्हणून आमच्या हातात राहिला होता तो फक्त नोकरीचा दावा. आणि मॅनेजरचं ते वाक्य ऐकलेली, बोलायला तयार झालेली एकच बाई. मावशींच्या शेजारी बसून पीठ मळणारी.

तिचं प्रतिज्ञापत्र आम्ही दाखल केलं होतं. पण उलटतपासणीला ती उभी राहिली नाही, तर त्या कागदाला काही किंमत नव्हती. आणि तिच्या सासरचं दूध त्याच डेअरीला जायचं. आदल्या दिवशी मॅनेजरची जीप तिच्या वस्तीवर गेली होती, एवढं माझ्या कानावर आलं होतं.

‘‘येईल का हो?’’ मी मावशींना विचारलं.

‘‘मला काय म्हाईत, वकीलताई. तिच्या जागी मी असते तर आले असते का, तेच मघापासनं इचारतीय सोताला.’’

माझ्याच्यानं डबा उघडवेना. फाटकाकडे बघत बसले. जेवणाची सुट्टी संपत आली आणि ती दिसली. डोक्यावर पदर, घाईनं येत होती. तिच्या मागे तिची सासू. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन पहिल्या बाकावर, साक्षीच्या पिंजऱ्यासमोर बसली. मला वाटलं, हिला नजरेच्या धाकात ठेवायलाच म्हातारीला पाठवलंय.

डेअरीचे वकील ज्येष्ठ होते. आवाज कधी चढवत नसत. आधी साधे प्रश्न विचारले: कामावर कधीपासून, घरी कोण कोण. ती उत्तरं देत होती आणि दर उत्तराआधी सासूकडे बघत होती.

‘‘या बाई तुमच्या मैत्रीण?’’

‘‘सोबत काम करायचो.’’

‘‘सणासुदीला एकमेकींच्या घरी जाता?’’

‘‘न्हाई.’’

‘‘त्या कधी तुमच्या घरी, स्वयंपाकघरात आल्या आहेत?’’

मी हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, ‘‘उत्तर देऊ द्या.’’

पिंजऱ्याचा कठडा तिनं घट्ट धरला होता. ‘‘न्हाई आल्या. आमच्या घरी चालत न्हाई.’’

वकीलसाहेब किंचित हसले. ‘‘म्हणजे तुमच्या घरात त्यांच्या हातचं चालत नाही आणि मॅनेजरसाहेबांवर मात्र तुम्ही आरोप करता. मॅनेजर तसं काही बोललेच नाहीत, हे खरं ना? हो किंवा नाही सांगा.’’

टायपिस्टची बोटं थांबली. मला वाटलं, संपलं.

‘‘बोलले,’’ ती म्हणाली. ‘‘आन् मला कसं म्हाईत ते सांगू का?’’

‘‘फक्त हो किंवा नाही.’’

‘‘तुम्हीच विचारलंत,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘सांगू द्या त्यांना.’’

‘‘त्यांनी आधी मलाच बोलावलं हुतं. म्हनले, लोकांची तक्रार हाय, तुमाला हिच्या हातचं चालतं का? मी मान हालवली. न्हाई म्हनून. रोज दुपारी तिच्याच हातची भाकर खात हुते मी. तरी मान हालवली. मंग त्यांनी तिला बोलवून सांगितलं, माझ्यासमोर. माझ्या मानेचा आधार घिऊन सांगितलं.’’

ही गोष्ट प्रतिज्ञापत्रात नव्हती. मला माहीत नव्हती. मी मागे वळून मावशींकडे पाहिलं, तर त्या खाली फरशीकडे बघत होत्या. वकीलसाहेबांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, पण त्यांचा आवाज आता कोरडा पडला होता. ते खाली बसले.

बाहेर आल्यावर ती मावशींसमोर उभी राहिली. मावशी तिला एक शब्दही न बोलता रस्त्याकडे चालू लागल्या. मी म्हातारीकडे वळले. आता ही काय करते या भीतीनं.

‘‘मीच आनली हिला,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘पोरगा म्हनत हुता जाऊ नको, दूध बंद करतील. पन ही जेवत नव्हती. किती दिवस बघायचं?’’ मग माझ्यावरच चिडल्यासारखी म्हणाली, ‘‘आमच्या घराचं मात्र तिनं समद्यांपुढं काढायला नको हुतं.’’

निकाल आमच्या बाजूनं लागला. मावशींना मूळ कामावर, कॅन्टीनमध्येच परत घ्यावं असा आदेश झाला. डेअरी वरच्या कोर्टात गेली नाही. त्या साक्षीदार बाईच्या घरचं दूध डेअरीनं काहीतरी खोट काढून नाकारलं. घरच्यांनी ते दुसऱ्या दूध केंद्रावर घालायला सुरुवात केली. तिला मात्र कामावरून काढलं नाही. आदेशाची शाई ओली असताना तेवढं धाडस मॅनेजरला झालं नसावं.

अलीकडे मावशी काही कामानं नगरला आल्या होत्या, तेव्हा ऑफिसात डोकावल्या. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, ‘‘दोघी अजून शेजारीच बसता?’’

‘‘शेजारीच. ती मळती, मी थापते.’’

‘‘बोलता?’’

‘‘ती बोलती. पोरांचं सांगती, गुरांचं सांगती. मी आईकते.’’ बशीत चहा ओतून त्या निवेपर्यंत थांबल्या. ‘‘तिनं कोर्टात सांगितलं म्हनून मी आज तव्यापुढं हाय, हे कळतं मला. पन आजून तोंडातनं शब्द निघत न्हाई, वकीलताई. काय करू?’’

कायद्यातलं काही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. मी म्हणाले, ‘‘ऐकताय ना, तेवढं ऐकत राहा.’’