आधी टाळी

कुठल्याही खोलीत शिरली की ताई आधी टाळी वाजवायची. एकच, कडक. मग मान तिरकी करून थांबायची. नवख्या माणसाला वाटायचं, ही डास मारते आहे. पण ती खोली ऐकत असायची. "इथे आवाज भिंतीला आपटतो गं," असं म्हणून दोरीवरची गोधडी काढायची आणि दारावर टाकायची. गोधडी कुणाची, हे विचारायचीही नाही.

परळच्या चाळीत ती माझी शेजारीण. एका हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करण्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एकटीच राहायची. मी मास्तरीण आहे आणि मला राग लवकर येतो. पुढचं सांगतानाही येणार आहे, ते आधीच कबूल करते.

तळमजल्यावर एक आजी होती. विहारातल्या कार्यक्रमात बायकांची गाणी व्हायची, त्यात ती पुढे असायची. गाणी तिने स्वतः रचलेली, कागदावर एकही नाही. ती ओळ टाकायची आणि मागून बायका उत्तर द्यायच्या. "कुणी शिवलं गं दप्तर?" असं आजीने विचारलं की बायका म्हणायच्या, "आम्ही शिवलं, आम्ही शिवलं!" जुन्या साड्यांची दप्तरं शिवून ज्यांनी लेकींना शाळेत धाडलं, त्याच या बायका.

आजीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि आवाज राहील याची खात्री नाही म्हणाले. म्हणजे तिची अठरा गाणी वाचवायला आमच्याकडे तीनच आठवडे होते.

आम्ही तिला लालबागच्या एका स्टुडिओत नेलं. तिथे तिला काचेच्या खोलीत एकटीला उभं केलं. कोरस नंतर घेऊ म्हणे! आजीने विचारलं, "कुणी शिवलं गं दप्तर?" आणि थांबली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "मावशी, पुढे चला ना." आजी पुढे जाईना. कशी जाणार? विचारलेल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायची तिची रीतच नव्हती. मी त्या माणसाला काहीतरी बोलणार, एवढ्यात ताईने माझा हात धरला.

"चल घरी. आपण करू."

माझ्या शाळेने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर होता. त्यावर 'यात आता काहीच चालत नाही' असा कागद चिकटवला होता. ताईने तो कागद सोलून काढला आणि त्याच्याच पाठीमागे कामांची यादी केली. मशीनवर तिने लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा घातली. त्यातही आवाजाच्या कामाला लागतो तसा वेगळा कर्नल, म्हणजे त्या यंत्रणेचा गाभा, शोधून बसवला. माइक जोडायची एक छोटी पेटी कुठूनशी आणली.

आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून तिच्या कानाला हेडफोन हवाच होता. तिथेच घोडं अडलं. तिचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून कानात यायला किंचित उशीर व्हायचा. आजी दोन शब्द गायली आणि हेडफोन काढून ओरडली, "कोण गं मला वेडावतंय?"

ताईने तो उशीर कमी करायला घेतला, तर आवाजात कडकड यायला लागली. मी कारण विचारलं.

"ओपीडीबाहेरची बाकडी बघितलीस ना? बाकडी जास्त ठेवली की सगळे नीट बसतात, पण नंबर उशिरा लागतो. कमी ठेवली की नंबर लवकर लागतो, पण ढकलाढकलीत एखादा पडतो. आवाजाचा तुकडा पडला की ही कडकड. त्या बाकड्यांना बफर म्हणतात."

मग आठ दिवस ती एकच काम करत होती. वाय-फाय बंद केलं. मशीनमध्ये मागे गुपचूप चालणारी नको ती कामं शोधून बंद केली. दर वेळी आकडा बदलायची, हेडफोन घालायची, टाळी वाजवायची. "दोन ऐकू आल्या." पुन्हा आकडा, पुन्हा टाळी. "अजून दोन." एका सकाळी ती नुसतीच हसली आणि म्हणाली, "एक."

आता माझा पराक्रम ऐका. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली होती. स्क्रीनवर अपडेट आल्याची पाटी दिसली. मला वाटलं, तेवढीच मदत. मी वाय-फाय सुरू करून बटण दाबलं. तिने बसवलेला कर्नल बाजूला पडला, नवा आला, आणि कडकड होती तशी परत आली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तू मुलांना सांगतेस ना, आधी प्रश्न नीट वाचा म्हणून?" एवढंच. तीन आठवड्यांतले चार दिवस माझ्या त्या एका बोटाने खाल्ले. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल. मशीन पुन्हा जुळल्यावर तिने त्याच्यावर कागद लावला: 'आजीचं ऑपरेशन होईपर्यंत कुणीही हात लावू नये. मास्तरीणबाईंनी तर नाहीच.'

माइक एकच होता. आवाज कमीजास्त करायला ती कॉम्प्युटरला हात लावायची नाही, बायकांना हलवायची. "तू दोन फरश्या मागे. तू उंबऱ्यावर, तुझा आवाज फार मोठा." फरशीफरशीवर तिने खडूने नावं लिहिली. मी विचारलं, "ताई, तुझी फरशी कुठली?"

"मी मशीनपाशी. मला कुठे गायचंय?"

टाळी, मग "हं, म्हणा", मग गाणं. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी अठरावं गाणं झालं. मध्ये कुणाच्या कुकरची शिट्टी आली, आजीचा खोकला आला. मी म्हटलं, काढून टाक. ताई म्हणाली, "खोकला तिचाच आहे ना? राहू दे."

आजी वाचली. आवाज गेला. मी तिला शाळेतली एक पाटी आणून दिली.

जयंतीच्या कार्यक्रमासाठी विहाराच्या कमिटीच्या सेक्रेटरीने गाणी मागितली. ताईने आनंदाने दिली. मांडवात पहिल्या रांगेत आजी आणि तिच्या सगळ्या बायका ठेवणीतल्या पांढऱ्या साड्या नेसून बसल्या. गाणं सुरू झालं. टाळी नाही, खोकला नाही, मागे भलतेच ढोल. आजीने विचारलं, "कुणी शिवलं गं दप्तर?" आणि उत्तर आलं ते गोड, गुळगुळीत, शंभर बायकांचं. त्यात आमची एकही नव्हती.

"कोरस जरा गावंढळ वाटत होता," सेक्रेटरी मला कौतुकाने सांगत होता. "एआयकडून भरून घेतला. एकदम प्रोफेशनल ना, मॅडम?"

मला सांगा, त्या आवाजाने कुठलं दप्तर शिवलं होतं? कुणाच्या साडीचा पदर फाडला होता? गिरणी बंद पडल्यावर चार घरची भांडी घासून, सुजलेल्या बोटांनी सुईत दोरा ओवलेल्या बायका समोर बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडचं 'आम्ही' काढून यंत्राला दिलं होतं. वर कौतुकाची अपेक्षा! बायका एकमेकींकडे बघत होत्या. आपलंच काही चुकलं असेल, असे त्यांचे चेहरे झाले होते. ते चेहरे आठवले की आजही माझ्या अंगाची लाही होते.

आजीने पाटीवर लिहिलं आणि पाटी ताईकडे वळवली. 'माझ्या बाया कुठे?'

ताई उठली. तीन मजले चढून गेली आणि कॉम्प्युटर चादरीत बांधून खाली घेऊन आली. सेक्रेटरी म्हणाला, "ताई, प्रोग्राम चालू आहे." ती म्हणाली, "चालू आहे ना? मग बसा." तिने वायरी जोडल्या, टाळी वाजवली, मान तिरकी केली, एक स्पीकर थोडा वळवला आणि गाणं लावलं. आजीने विचारलं. बायकांनी उत्तर दिलं, स्पीकरमधल्या आणि रांगेतल्याही. आजी पाटीवर तळहात आपटून ठेका धरत होती. सेक्रेटरी मोबाइलमध्ये बघत होता. त्याने त्या बायकांची माफी आजवर मागितलेली नाही.

पुढे चाळ रिकामी झाली, आम्ही पांगलो. आजी गेली. गेल्या वर्षी ताईही गेली. जाण्याआधी मशीन माझ्याकडे पाठवलं, वरचा तो कागद न काढता.

परवा सेक्रेटरीचा फोन आला. "मॅडम, ती ओरिजिनल गाणी द्या ना. जरा क्लीन करून घेतो." मी जे बोलले ते वर्गात बोलता येणार नाही. फोन ठेवला आणि रागारागाने हेडफोन घालून बसले. ती गाणी मी कधी एकटीने, अशी कानाला लावून ऐकलीच नव्हती.

टाळी. "हं, म्हणा." आजीने विचारलं, "कुणी शिवलं गं दप्तर?" बायका म्हणाल्या, "आम्ही शिवलं, आम्ही शिवलं!" आणि त्यांच्या मागोमाग, माइकच्या अगदी जवळून, दबका एक आवाज आला. अर्धा ठेका उशिरा.

"आम्ही शिवलं."

ताईचा. नजर मशीनवर ठेवून गात असणार, म्हणून मागे पडलेला. अठराच्या अठरा गाण्यांत आहे.

त्या बाईने जिवाचं रान करून आजीच्या कानातला उशीर काढला आणि स्वतःचा राहू दिला. आता त्याला कुणी हात लावून बघावा.