विनयचे युवराज

आमच्या खालच्या मजल्यावरच्या विनय देवस्थळीला एकच नाद, रोमन युवराजांचा. दिवसभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घरी आला की भिंग घेऊन बसायचा. रोमच्या बादशहाने आपल्या कोवळ्या पोराला वारस ठरवलं, की दूरच्या प्रांतांतली गावंसुद्धा त्या पोराचा चेहरा काशाच्या नाण्यांवर पाडायची. गुबगुबीत गाल, भोवती ग्रीक अक्षरं. विनयकडे अशी पेटीभर नाणी होती. त्यातल्या बऱ्याच युवराजांना मिसरूड फुटायच्या आत मारून टाकलं होतं, पण ते विनय सांगत नसे. ही नाणी श्रीहर्षसाठी, वंशाच्या दिव्यासाठी, एवढंच सांगे.

श्रीहर्ष थोरला, एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकतो. त्याला समोर बसवून विनय एकेक नाणं समजावायचा आणि तो मोबाईल बघायचा. गाढवापुढे वाचली गीता. धाकटी स्वानंदी, जी आता अ‍ॅमस्टरडॅमला शिकते, ती मात्र शेजारी उभी राहून ऐकायची. ऐकता ऐकता ती अक्षरं वाचायला शिकली. युवराजांतला दियादुमेनियन कोणता आणि गेटा कोणता, हे चेहऱ्यावरून ओळखू लागली. तिला ती नाणी हवी होती. तिने तसं सरळ मागितलंही, एकदा नाही, दरवर्षी. “ती दादाची आहेत,” विनय म्हणायचा. मला संताप यायचा. त्याच्या तोंडावर बोललेही, तर त्याने हसून चहा पुढे केला.

यंदा लक्ष्मीपूजनाला पेटी श्रीहर्षच्या हाती द्यायची ठरली, देवीपुढे, रीतसर. सकाळी विनयने ती बायकोकडे, शोभाकडे दिली आणि “पूजेत मांड” म्हणून ऑफिसला गेला. शोभा दिवाळीला देवाची तांब्यापितळेची भांडी घासते, तशीच तिने नाणीही चिंच-मीठ लावून घासली. त्यांच्यावरचा हिरवा थर जपायचा असतो, त्यातच चेहरा आणि अक्षरं टिकून असतात, हे नवऱ्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्याची शिकवणी फक्त मुलासाठी होती.

संध्याकाळी आम्ही पूजेला गेलो. पाटावर पिवळेगुलाबी चकाकते तुकडे मांडलेले. चेहरे पुसट, अक्षरं गेलेली. विनय पाटासमोर बसून एकेक नाणं भिंगाखाली धरू लागला. श्रीहर्ष म्हणाला, “नाईस ना, बाबा? आधी किती डर्टी होती.” स्वानंदीने एक नाणं उचलून उजेडात फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. शोभा भिंतीला टेकून उभी होती, तिच्याशी कुणीच बोललं नाही.

शेवटी विनय उठला. सगळी नाणी पेटीत भरून त्याने ती स्वानंदीपुढे धरली. “श्रीहर्षला आता ही काय द्यायची? वाया गेली. घे, तुला हवी होती ना?”

खरं सांगते, आपण मन मोठं करतोय असंच त्याला वाटत होतं.

“मला ती चांगली असताना हवी होती, बाबा,” स्वानंदी म्हणाली. तिने पेटीला हात लावला नाही. कोट चढवला आणि ट्राम पकडायला निघून गेली.

विनय पेटी तशीच धरून माझ्याकडे वळला. “बघितलंत, वहिनी? देऊ केली तर घेत नाही.”